ताट समोर आल्याशिवाय सुई नाही

पंच्याहत्तर ग्रॅम ग्लुकोज पेलाभर पाण्यात विरघळवल्यावर जे तयार होतं, त्याला सरबत म्हणायला आमच्या दवाखान्यात बंदी होती. बंदी मीच घातली होती. सरबत म्हटलं की बायका पाहुणचार घेतल्यासारखे दोन घोट घेतात आणि पेला खाली ठेवतात. हे पाणी पाच-दहा मिनिटांत संपवायचं असतं. ते इतकं गोड असतं की तिसऱ्या घोटाला जीभ नको म्हणते. मग दोन तास एका जागी बसायचं, उलटी होऊ द्यायची नाही, मध्ये काही खायचं नाही. दोन तासांनी रक्त घ्यायचं. साखर एकशेचाळीसच्या खाली असली तर घरी जायचं. एकशेचाळीस किंवा वर असली, तर पुढचे काही महिने ती बाई आणि मी एकमेकींना सोडत नसू.

एकतीस वर्षं मी प्रसूतिगृहात नर्स होते. आधी रोह्याला, नंतर पेणला. दोन्ही दवाखाने खासगी आणि लहान. त्यातला एक आता बंदही झालाय, त्यामुळे नावं लिहीत नाही. एवढ्या वर्षांत बाळंतपणं किती पाहिली ते मला विचारू नका, मलाही माहीत नाही. पण गरोदरपणातल्या साखरेचं काम हळूहळू माझ्याकडे आलं आणि माझंच होऊन बसलं, त्याबद्दल थोडं सांगते.

रोग समजायला सोपा आहे. पोटात बाळ वाढतं तशी त्याला आईशी जोडणारी वारही वाढते. या वारेतून काही रस आईच्या रक्तात येतात आणि तिच्या अंगातल्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. बहुतेकींचं शरीर जास्त इन्सुलिन तयार करून ते निभावून नेतं. काहींना ते जमत नाही आणि साखर वाढते. बाईला बहुधा काहीच जाणवत नाही, दुखत नाही की खुपत नाही. पण ती साखर वारेतून बाळाकडे जाते आणि बाळ नको तितकं फुगतं. बाळंतपणात अडकू शकतं, जन्मल्यावर त्याची स्वतःची साखर एकदम खाली येऊ शकते, आणि कधी कधी, शेवटच्या महिन्यात, पोटातच जातं. म्हणून ते गोड पाणी.

पाणी प्यायचं टाळायला बायका काय करत, याचं एक निराळं पुस्तक होईल. रोह्याला एका बाईची साखर इतकी सुरेख आली की मी डॉक्टरांना कौतुकानं दाखवली. तीन दिवसांनी बाकड्यामागच्या मनीप्लांटच्या कुंडीला काळ्या मुंग्यांची रांग लागली. अर्धा पेला कुंडीला पाजला होता. पुढच्या वेळी मी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. "सिस्टर, तुमी माज्याकडं असं बगू नका, मला ढवळतंय," ती म्हणाली. पण प्यायली. साखर जास्त निघाली. नंतर तिनं पथ्य पाळलं आणि सगळं व्यवस्थित झालं. अशी माणसं लक्षात राहतात ती हसण्यासाठी. दर्शना लक्षात राहिली त्याचं कारण निराळं आहे.

दर्शना मूळची रोह्याच्या आतल्या एका गावची. भातशेती आणि वालाची शेती करणारं घर. लग्न होऊन पेणला आली. नवरा प्रशांत नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये कामाला. ती स्वतः गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. पेणला मूर्ती घडवणारे हात पुष्कळ, पण आखणीचे हात थोडे. डोळ्याची रेघ एका दमात, न थांबता ओढायची असते. चुकली की ती पुसत बसता येत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आठव्या महिन्यात ती रोह्याला आली आणि आईबरोबर आमच्या दवाखान्यात दाखवायला आली. तेव्हा मी रोह्यालाच होते. पेणचे कागद तिनं सोबत आणले होते. वजन, रक्तदाब, सोनोग्राफी, सगळं होतं. साखरेच्या रकान्यात काही लिहिलेलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, "दोन तास थांबावं लागेल."

तिच्या आईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "साडेबाराची गाडी गेली तर मंग संध्याकाळचीच हाय. पोरीला येवडा वेळ बसवू कशी?"

बारा वाजायला आले होते. बाहेर दहा-बारा बायका ताटकळत होत्या. मी मनाशी म्हटलं, पेणला तपासलं असेल, लिहायचं राहिलं असेल. त्यांना म्हटलं, "पुढच्या वेळी सकाळच्या पहिल्या गाडीनं या. तेव्हा करू." त्यांनी मान हलवली आणि गेल्या. जाताना मी दर्शनाच्या पोटावर हात ठेवून म्हणाले होते, "बाळ चांगलं गुटगुटीत दिसतंय." ते वाक्य मला नको तेवढं आठवतं.

पुढची वेळ आली तेव्हा भाताची कापणी सुरू होती. घरातलं कुणी मोकळं नव्हतं. ती आली नाही, मीही निरोप धाडला नाही. नववा महिना लागल्यावर एका सकाळी ती आली, ते बाळ कालपासून हललं नाही म्हणून. मी यंत्र लावलं. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग बेंबीखाली. ठोके कुठेच लागले नाहीत. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि तिच्या आईला बाहेर बोलावलं.

बाळाचं वजन चार किलोच्या वर भरलं. नंतर दर्शनाची साखर तपासली, ती जास्त होती. डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "हिची तपासणी झाली नव्हती का?" मी म्हटलं, "नाही." त्यांनी पुढे विचारलं नाही. घरच्यांनीही कुणाला दोष दिला नाही. अशा वेळी आमच्याकडे माणसं देवाचं नाव घेतात आणि गप्प होतात. त्या गप्पपणाच्या आड मीही बसले.

त्यानंतर मी एक नियम केला. साखरेचा रकाना रिकामा असलेली बाई दवाखान्यातून जायची नाही. गाडी चुकली तर माझ्याकडे जेवायला चल. तीन-चार जणी खरंच जेवून गेल्या. नियम चांगला होता. फक्त तो एका बाईसाठी उशिरा झाला होता.

पुढे मुलीच्या शिक्षणासाठी आम्ही पेणला आलो आणि मला इथल्या दवाखान्यात काम मिळालं. रोह्याच्या त्या सकाळीला दीडेक वर्ष झालं असेल. एका सकाळी नाव पुकारलं आणि समोर दर्शना उभी राहिली. सोबत सासूबाई. पुन्हा दिवस गेल्याला साडेतीन महिने झाले होते. तिनं मला ओळखलं की नाही ते चेहऱ्यावरून कळेना. मी विचारलं नाही. ग्लुकोजचा पेला हातात दिला, तो तिनं एका दमात संपवला आणि दोन तास भिंतीला टेकून बसली. एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही.

साखर आली एकशेअडुसष्ट.

आमच्या डॉक्टर मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधीचे कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पहिले दोन आठवडे आहार आणि चालणं. बऱ्याच जणींचं तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर औषध आहे. घाबरायचं नाही आणि विसरायचंही नाही."

आहार सांगणं माझं काम. आमच्या भागात आहार सांगणं म्हणजे भाताबद्दल बोलणं. मी सासूबाईंना विचारलं, "ही दिवसभरात भात किती खाते?"

"भात नाय जास्त. दुपारचाच काय तो," त्या म्हणाल्या.

"आणि सकाळी?"

"सकालचं पोहे."

"रात्री?"

"रातीला भाकर."

"कसली भाकर?"

"तांदलाची गो. आनी कसली?"

पोहे म्हणजे भात, तांदळाची भाकरी म्हणजे भात, हे त्यांना पटायला अर्धा तास गेला. पटल्यावर मात्र त्यांनी असा चेहरा केला, जणू मी तांदूळ घरात आणायलाच मनाई करतेय. मी तसं म्हटलं नव्हतं. भात पूर्ण तोडायचा नसतो, बाळालाही अन्न लागतं. दोन वेळच्या मोठ्या ताटांऐवजी तीन लहान जेवणं आणि मध्ये दोन-तीनदा थोडं काही. भात एक वाटी, त्याबरोबर वालाची उसळ, अंडं, मासळी, पालेभाजी. नाचणीची भाकरी. चहा बिनसाखरेचा. उपास बंद. आणि जेवल्यावर वीस मिनिटं चालायचं. हे शेवटचं सासूबाईंना सगळ्यात जड गेलं. "पोटुशी बाय दुपारची रस्त्यानं फिरली तर लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, "तुम्ही सोबत जा. सासू-सुना फिरायला निघाल्या म्हणतील." त्या हसल्या नाहीत, पण गेल्या. पंधरा दिवस दोघी जेवून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायच्या.

दोन आठवड्यांनी तपासलं. जेवणानंतर दोन तासांची साखर एकशेवीसच्या खाली हवी. दर्शनाची एकशेपन्नासच्या आसपास. उपाशीपोटीचीही जास्त. पथ्यात कसूर नव्हती. मी तिची वही पाहिली होती, चतकोर भाकरीसुद्धा लिहिलेली. काहींचं शरीर एवढ्यानं ऐकत नाही, त्यात बाईचा दोष नसतो. हे मी प्रत्येकीला सांगत असे, कारण प्रत्येकीला वाटे की आपण नापास झालो.

पुढचे मार्ग दोन. मेटफॉर्मिनची गोळी किंवा इन्सुलिनची सुई. मॅडमनी दर्शनाला आणि प्रशांतला समोर बसवून दोन्ही समजावले. गोळी घ्यायला सोपी, तिला फ्रिज लागत नाही, सुई लागत नाही. सुरुवातीला पोट बिघडतं. ती वारेतून बाळापर्यंत जाते, आजवर त्यानं बाळांना अपाय झाल्याचं दिसलेलं नाही, पण गरोदरपणाच्या पहिल्या वीस आठवड्यांत आमच्याकडे ती देत नसत आणि दर्शनाला सतरावा चालू होता. इन्सुलिन वारेपलीकडे बाळाकडे जात नाही, जे काय करायचं ते आईच्या अंगात करतं. मात्र मात्रा जमवावी लागते आणि जेवण चुकलं तर साखर एकदम घसरते.

प्रशांत म्हणाला, "मॅडम, इन्सुलिन एकदा लागलं की जलमभर सुटत नाय म्हनतात."

"हे गरोदरपणाचं आहे. बहुतेकींचं बाळंतपणाच्या दिवशीच बंद होतं," मॅडम म्हणाल्या.

"आनी नाय झालं तर?"

उत्तर दर्शनानं दिलं. "तर घेईन जलमभर. मला सुई द्या."

सुई टोचायला मी मोसंब्यावर शिकवत असे. पहिल्या खेपेला बहुतेक बायका डोळे मिटतात, मोसंबं निसटतं, कुणी रडतं. दर्शनानं मोसंबं हातात घेतलं, सुई धरली आणि सरळ आत नेली. मग पदर बाजूला करून पोटाची चिमूट धरली आणि स्वतःला टोचलं. प्रशांत उठून बाहेर गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या तोंडावर पाणी मारलेलं दिसत होतं.

तीन आठवडे साखर सुंदर राहिली. मग आठवड्यात चढली. एकशेचाळीस, एकशेपंचावन्न, एकशेसाठ. मॅडमनी मात्रा वाढवली, तरी तेच. मॅडमना शंका आली की ही सुई चुकवतेय. मला नाही आली. मी दर्शनाला म्हटलं, "बाटली घेऊन ये." तिनं आणली. बाटली हातात घेतली तर ती चांगली गार होती आणि आतल्या औषधात बारीक कण तरंगत होते.

"फ्रिजमध्ये कुठे ठेवतेस?"

"दारातच. तुमी सांगितलं तिथंच." मग म्हणाली, "पन सकाळी काढताना कधी कधी वरती दिसते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "मीच ठेवत होते वरती, बर्फाच्या कप्प्यात. औशद थंड ऱ्हावं म्हनून. दाराशी गरम व्हतंय, सारखं उगडतात थोरल्याची पोरं."

इन्सुलिन गोठलं की त्यातला जीव जातो. परत पातळ झालं तरी ते पाणीच. म्हणजे आठवडाभर दर्शना पाणी टोचून घेत होती. म्हातारीला हे सांगितल्यावर ती बाकड्यावर बसली. "मी तिच्या बऱ्यासाटी केलं गो," एवढंच म्हणत राहिली. दर्शनानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आई, मला ठाव हाय." चूक खरं तर माझी होती. बर्फात ठेवायचं नाही हे मी सुनेला सांगितलं होतं, फ्रिज सांभाळणाऱ्या बाईला सांगितलं नव्हतं. त्यानंतर मी घरातल्या सगळ्यांना बोलावून सांगू लागले.

गणपती महिन्यावर आले तसं कारखान्यातलं काम वाढलं. दर्शनाला आठवा महिना. मी तिला म्हटलं, आता घरी बस. मॅडमनीही सुचवलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

मग एका दुपारी दवाखान्यात फोन आला. कारखान्यात रंगाचं काम करणाऱ्या मंदाकाकी बोलत होत्या. आवाज चढलेला. "सिस्टर, दर्शना घामानं भिजली हाय. हात थरथरतायत. काय बोलते ते समजत नाय."

"साखर आहे जवळ? चहाची?"

"हाय."

"तीन चमचे पाण्यात घालून पाजा. पिते का बघा. शुद्धीत आहे ना? पाजा आधी, फोन चालू ठेवा."

फोनमधून भांड्यांचे आवाज आले, कुणी पंखा लावायला सांगत होतं, कुणी खिडकी उघडायला. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत उभी होते. पाच-सात मिनिटांनी मंदाकाकी म्हणाल्या, "पाणी मागते. मला ओळकलं."

"आता तिचं जेवण द्या. मी येते."

कारखाना दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर. मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून डबा खात होती. तिच्यासमोर चार फुटांची मूर्ती. उजवा डोळा पुरा झालेला, डाव्याची रेघ अर्ध्यावर येऊन वाकडी खाली गेलेली. झालं होतं असं: तिचं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं होतं. तिनं ते घेतलं. तेवढ्यात मुंबईचा एक व्यापारी आपली मूर्ती बघायला आला. त्याच्यासमोर डबा उघडायचा कसा म्हणून ती कामाला बसली. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. रेघ वाकडी गेली तेव्हा तिला वाटलं कुंचला खराब आहे. तिनं कुंचला बदलला. मी दिलेली ग्लुकोजची पुडी पिशवीत होती आणि पिशवी दुसऱ्या खोलीत खुंटीला.

मी साखर तपासली. आता ब्याण्णव होती. पोटावर यंत्र लावलं, ठोके नीट होते. बाळ हलत होतं. मग मात्र मला राग आला.

"उद्यापासून घरी बसायचं," मी म्हटलं. "हट्ट पुरे झाला."

ती डब्यात बघत म्हणाली, "घरी बसले तर मी दिवसभर तेच मोजत बसते, सिस्टर. हललं का, नाय हललं का. दहा वेळा हललं की अकराव्याची वाट बगते. इथं हात चालतो तवा डोकं गप असतं."

मंदाकाकी उठून दुसऱ्या खोलीत गेल्या. आम्ही दोघीच राहिलो. दर्शनानं डबा झाकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "सिस्टर, रोह्याला तवा तपासलं असतं तर?"

म्हणजे तिनं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं.

या प्रश्नाची सोयीची उत्तरं मला दहा येत होती. नक्की सांगता येत नाही, साखर असूनही बाळं नीट जन्मतात, नशिबात असतं. यातलं पहिलं तर खरंही होतं. मी म्हटलं, "तपासलं असतं तर कळलं असतं. कळलं असतं तर औषध देता आलं असतं. बहुतेक वाचलं असतं. तपासायला हवं होतं. ते माझं काम होतं आणि मी केलं नाही."

मी तिचं बोलणं ऐकायची तयारी करत होते. ती ओरडली असती तरी चाललं असतं.

"मला वाटायचं लाडवांनी झालं," ती म्हणाली. "डोहाळजेवणाला आईनं लाडू केले होते. मी रोज दोन-दोन खाल्ले. घरात कुणी बोललं नाय, पन आईला वाटतं तिनंच मारलं. तवापासून तिनं लाडू वळले नायत. माज्या भावाच्या लग्नात पन नाय."

"लाडवांनी होत नाही हे. वारेमुळे होतं."

"हे तिला सांगाल?"

"सांगते."

"फोनवर नको. तिला हितं आणते."

ती पुढच्याच आठवड्यात आईला घेऊन आली. मी त्या बाईला खुर्चीवर बसवून, जे या लेखाच्या सुरुवातीला लिहिलंय तेच सगळं सांगितलं आणि शेवटी माझा भागही सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं. "गाडीचा विषय मीच काढला व्हता," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "तुमी थांबवलं असतं तर मी थांबले असते." दोन्ही खरं होतं. आम्ही दोघींनी ते वाटून घेतलं असं म्हणता येईल. चहा प्यायला आणि त्या रोह्याला परत गेल्या.

कारखान्याचा प्रश्न मॅडमनी सोडवला. इन्सुलिनचा प्रकार बदलून दिला. लगेच काम करणारं, अगदी जेवायला बसतानाच घ्यायचं. मी मंदाकाकींना साक्षीला ठेवून नियम घालून दिला: ताट समोर आल्याशिवाय सुई नाही. व्यापारी येवो की मंत्री येवो. ग्लुकोजची पुडी पिशवीत नाही, कंबरेला. मंदाकाकींनी तो नियम इतका मनावर घेतला की रोज दुपारी त्या तिचा डबा स्वतः उघडून समोर ठेवत आणि मग मोठ्यानं म्हणत, "हां, आता टोच." कारखान्यातली माणसं त्या वेळी तोंड फिरवून बसत. गणपती गेले. पुन्हा एकदाही साखर घसरली नाही.

अडतीस आठवडे पूर्ण झाल्यावर मॅडमनी दिवस ठरवला. इन्सुलिनवर असलेल्या बाईला तारखेच्या पुढे जाऊ देत नाहीत, आणि दर्शनाला तर नाहीच. सकाळी कळा यायचं औषध लावलं. दर तासाला साखर, दर थोड्या वेळानं ठोके. ती फार ओरडली नाही. मध्ये एकदा माझा हात धरून म्हणाली, "आवाज चालू ठेवा." ठोक्यांच्या यंत्राचा आवाज मी वाढवून ठेवला. दुपारी तीनच्या सुमाराला मुलगी झाली. तीन किलो शंभर ग्रॅम. रडली.

बाहेरच्यांना वाटतं, इथे गोष्ट संपते. आमचं अर्धं काम इथून पुढे असतं. पोटात असताना बाळाला आईकडून साखर मिळत असते, नाळ कापली की ती बंद. बाळाच्या अंगातलं इन्सुलिन मात्र लगेच थांबत नाही. मी तासाभरानं टाचेला टोचून पाहिलं. अडतीस. पंचेचाळीसच्या वर हवी. बाळ जरा मऊ पडलं होतं, अंगाला लावलं तरी ओढत नव्हतं.

सासूबाई मधाची बाटली घेऊनच आल्या होत्या. "जरासं बोट चाटवते. साकरच कमी हाय ना?"

"मध नाही. आईचं दूध."

"दूध अजून उतरलं कुटं?"

"चमचाभर असतं. तेवढं पुरतं."

मी दर्शनाचं पहिलं पिवळं दूध वाटीत काढलं. चमचाभरही भरलं नसेल. थेंब थेंब बाळाच्या ओठांत सोडलं. पहिले दोन बाहेर आले. तिसरा आत गेला. मॅडम सलाइनची तयारी करून शेजारी उभ्या होत्या. अर्ध्या तासानं पुन्हा टोचलं. चोपन्न. मॅडमनी सुई ट्रेमध्ये परत ठेवली आणि त्या चहा सांगायला गेल्या. त्यांच्या बाबतीत हे मोठंच म्हणायचं. दर्शनाचं इन्सुलिन त्याच दुपारी बंद झालं. प्रशांतनं मला दोनदा विचारलं, "बंद म्हंजे बंद?" मी म्हटलं, "बंद."

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी बाईनं पुन्हा तेच गोड पाणी प्यायचं असतं, कारण ज्यांना गरोदरपणात साखर येते त्यांना पुढे कायमची यायची भीती जास्त. हे आम्ही प्रत्येकीला सांगतो आणि फार थोड्या येतात. बाळ नीट असलं की आईला कोण विचारतं? तीही स्वतःला विचारत नाही. दर्शना आली. साखर एकशेसव्वीस. मी सांगितलं, वर्षातून एकदा तपासत राहा. ती म्हणाली, गणपतीचं काम संपलं की दर वर्षी येईन. पहिली दोन वर्षं माझ्यासमोरच आली.

मग मी निवृत्त झाले. गेल्या दिवाळीआधी ती घरी आली, मुलीला घेऊन. मुलगी आता धावते, आमच्या घरातली टीव्हीचा रिमोट घेऊन पळाली. बोलता बोलता दर्शनानं पिशवीतून साखर तपासायचं मशीन काढलं. कारखान्यातल्या बायकांची ती अधूनमधून तपासते म्हणाली. "सिस्टर, तुमी तुमची कधी बघितली?"

मी आठवून पाहिलं. एकतीस वर्षांत मी किती बोटं टोचली असतील. माझं स्वतःचं एकही आठवेना. चाळिशीनंतर दर वर्षी तपासा, असं मी रस्त्यात भेटलेल्या बायकांनाही सांगत आले होते. जेवण होऊन दोन तास झालेच होते. मी हात पुढे केला. तिनं बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीवर घेतला. मुलगी रिमोट टाकून बघायला आली.

दोनशे बारा.

माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो असा: "मशीन बिघडलंय तुझं."

दर्शना हसली नाही. तिनं नवीन पट्टी काढली, मशीनमध्ये बसवली आणि म्हणाली, "दुसरं बोट द्या."